पार्श्वभूमी : सीमाभागात ‘गाव’ म्हणजे नेमकं काय?

बेळगाव तालुक्यातल्या येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक कित्येक वर्षं उभा होता. गाव कर्नाटकात, कर कर्नाटकाला, आमदार बंगळूरच्या विधानसभेत, आणि वेशीवर हे शब्द. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन प्रशासनाने तो पाडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पोलिसांनी पुन्हा काढला आणि लाठ्या चालल्या. एका फलकासाठी एवढं कशाला, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटू शकतं. त्या फलकावर राज्याचं नाव गावाच्या नावाला जोडलेलं होतं, आणि सीमाभागात सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

जुना इतिहास इथे फार उपयोगाचा नाही. वेणुग्राम, रट्टांची राजधानी, यादव, आदिलशाही, पेशवाई अशी यादी दोन्ही बाजू म्हणून दाखवतात आणि आपल्याला हवा तिथे थांबतात. एवढं मात्र लक्षात ठेवावं की आज ज्याला आपण सलग बेळगाव शहर म्हणतो, तेही सलग नव्हतं. शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव ब्रिटिश मुलखात. संस्थानं विलीन झाली तेव्हा कुठे ही दोन्ही एका कारभाराखाली आली.

याच शहरात १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि त्याच मुहूर्तावर कर्नाटक एकीकरणवाल्यांचीही परिषद झाली. पुढे १९४६ च्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तोही इथेच. एकाच गावाने दोन राज्यांची स्वप्नं पाहिली. मराठी माणसाला यातलं दुसरं साल पाठ असतं, कन्नड माणसाला पहिलं.

खरी गाठ पडली ती १९५६ साली. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. ही तपशिलातली बाब वाटते, पण वादाचा कणा हाच आहे. जिल्हा अखंड ठेवायचा हे तत्त्व असेल, तर चंदगड का वगळलं? आणि भाषा पाहून एक तालुका काढता येत असेल, तर खानापूर का नाही, बेळगावच्या पश्चिमेची खेडी का नाहीत? मापाची पट्टी एका ठिकाणी एक आणि पुढच्या कोसावर दुसरी, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि तिला आजवर पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने १९५७ साली मागणी मांडली गेली, तिच्यात ८१४ गावं होती, शिवाय बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरं. निकष तीन : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत. आंध्र आणि मद्रासमधला सीमावाद सोडवताना हीच पद्धत वापरली गेली होती, त्यामुळे मागणी हवेतली नव्हती. कर्नाटकाचं म्हणणं असं की, प्रश्न कायद्याने सुटलेला आहे, आता जिल्ह्याची चिरफाड करू नये. १९६० साली दोन्ही राज्यांचे दोन-दोन सदस्य घेऊन समिती नेमली. तिच्यातून काही निष्पन्न झालं नाही. शेवटी १९६६ साली निवृत्त सरन्यायाधीशांचा एकसदस्यीय आयोग बसला.

१९६७ च्या त्या अहवालावर अजून घरोघरी वाद होतो. निपाणी, खानापूर आणि अडीचशेहून अधिक खेडी महाराष्ट्राला द्यावीत, बदल्यात जत, अक्कलकोटकडची गावं कर्नाटकाला द्यावीत, असं आयोगाने सुचवलं. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. शहराच्या तीन बाजूंना कन्नड मुलूख आहे, हे त्यामागचं एक कारण. म्हणजे खेड्यांचा निवाडा करताना खेड्यातली भाषा पाहिली आणि शहराची पाळी आली तेव्हा शहरातली भाषा न पाहता भोवतालची पाहिली. कर्नाटक म्हणतं, अहवाल आहे तसा लागू करा नाहीतर ‘जैसे थे’ राहू द्या. महाराष्ट्राने तो फेटाळला. त्यामुळे जी खेडी अहवालानुसारसुद्धा मिळाली असती, तीही मिळाली नाहीत. खानापूरकडच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ही खंत येते, फक्त सभेत येत नाही.

‘खेडे हा घटक’ हे शब्द वकिली आहेत, पण त्यांच्या तळाशी रोजची भाषा आहे. इथल्या माणसाला ‘गाव कुठलं?’ असं विचारलं तर तो उचगाव, कडोली, नंदगड असं सांगतो. राज्य सांगत नाही, जिल्हाही क्वचित. त्याचं मराठीही त्या मातीतलं. ‘काय करूलालास?’ हे पुण्यात चालणार नाही, आणि त्यातला कन्नडचा हेल लपणारही नाही. देवही राज्य पाहून केलेले नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरकर जातात, चिंचलीच्या मायाक्काला सांगलीकर. घटक म्हणून खेडं धरायचं तर त्यात ही सरमिसळही आली. निम्म्याहून एक माणूस जास्त, म्हणून गाव मराठी. मग उरलेल्यांचं गाव कुठलं? मागणीच्या कागदपत्रांत याचा विचार फारसा नाही, हे मराठी बाजूनेही कबूल करायला हवं.

‘सीमाभाग’ हा शब्दही एकतर्फीच. मराठीत त्याचा अर्थ कर्नाटकात राहिलेली मराठी गावं एवढाच. जत तालुक्यातला कन्नड बोलणारा शेतकरी सीमेवरच राहतो, पण त्याला कुणी सीमावासीय म्हणत नाही. त्याच्या दुष्काळी गावांचा विषय २०२२ मध्ये कर्नाटकातून उकरून काढला गेला, तेव्हा तो एकदम सगळ्यांना आठवला.

१९५६ नंतरच्या पिढीची ओळख मात्र खेड्यापेक्षा तारखांवर घडली. १७ जानेवारी हुतात्मा दिन, १९५६ च्या गोळीबारात गेलेल्या सीमा आंदोलकांच्या आठवणीचा. १ जून, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या गोळीबाराची आठवण, हिंडलग्याच्या स्मारकापाशी. १ नोव्हेंबरला एकाच शहरात काळ्या फिती लावून मूक सायकल फेरी आणि लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन. येळ्ळूरचा फलक गेला त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला शहराचं अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं. कन्नडमध्ये ते आधीपासून तेच होतं, मराठीत आम्ही अजून बेळगावच म्हणतो. बदललं ते इंग्रजीतलं.

अलीकडची वर्षं गुंतागुंतीची आहेत. महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून २००५ मध्ये महापालिका बरखास्त झाली. २००६ पासून विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरू लागलं, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्णसौध उभा राहिला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. गावांचा आकडा आता ८६५ सांगतात. पण २०२१ च्या महापालिका निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा एका राष्ट्रीय पक्षाने घेतल्या, आणि मराठी मतांशिवाय हे झालेलं नाही. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, तर मार्च २०२३ मध्ये दोन पक्षांनी त्याचं दोनदा अनावरण केलं. फलक उखडणारं राज्य आणि पुतळा उभारणारं राज्य एकच! २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. व्यापाऱ्यांनी कुरकुरत का होईना पाट्या रंगवल्या.

दरवर्षी कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेतात, शाळेची पोरं लेझीम खेळतात, पाहुणे बहुधा महाराष्ट्रातून येतात. मांडवाच्या कमानीवर राज्याचं नाव नसतं, गावाचं असतं.