खानदेशातील किशोरींचा आत्मविश्वास : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींसाठी आत्मविश्वासाची शिबिरे घेतली जातात, तेव्हा त्यांत दोन वेगळे इतिहास एकत्र येतात. एक मानसशास्त्राचा आहे, दुसरा या भागातील मुलींच्या वाट्याला आलेल्या आयुष्याचा. शिबिराचा आराखडा बहुधा पहिल्यावरून आखला जातो, मुली मात्र दुसऱ्यातून आलेल्या असतात.

स्वतःविषयीचे समाधान हे मिळालेले यश आणि बाळगलेली अपेक्षा यांच्या प्रमाणावर ठरते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडले होते. पुढे १९६५ मध्ये समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींचा अभ्यास करून स्वप्रतिमा मोजणारी दहा विधाने तयार केली आणि तीच मोजपट्टी जगभर गेली. कॅलिफोर्नियाने तर १९८६ मध्ये या विषयासाठी सरकारी कार्यदलच नेमले. मुलांना स्वतःविषयी चांगले वाटू लागले की अभ्यास आणि वर्तन आपोआप सुधारेल, अशी तेव्हाची समजूत होती. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात मात्र या समजुतीला फारसा आधार सापडला नाही. स्वप्रतिमा चांगली म्हणून गुण वाढतात असे दिसण्यापेक्षा, जमू लागले म्हणून स्वप्रतिमा सुधारते, हेच अधिक संभवनीय ठरले. ‘तू छान आहेस’ असे मुलींकडून आरशासमोर वदवून घेणारी शिबिरे अजूनही होतात, हे पाहता हा आढावा सर्वांपर्यंत पोहोचला आहे असे वाटत नाही.

खानदेशचा अनुभव या निष्कर्षाशी जुळणारा आहे, कारण इथे मुलींना आधी वाव मिळाला आणि विश्वास त्यामागून आला. मुळात किशोरवय नावाचा काळच मुलींना फार उशिरा मिळाला. आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या. खेळण्याचे वय आणि सुनेचे वय यांच्यामध्ये मोकळी जागा नव्हती. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीच्या रचना घरच्यांनी लिहून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. मुलींसाठी लग्नाचे किमान वय १९२९ च्या कायद्याने १४ ठरले आणि १९७८ मध्ये ते १८ झाले. म्हणजे बोलायला, चुकायला आणि शिकायला लागणारी वर्षे कायद्याने हळूहळू मोकळी केली. ती प्रत्यक्षात सर्वांना मिळाली असे नाही: २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

ज्यांना ती वर्षे मिळाली त्यांचे उदाहरणही याच मातीतले आहे. बोदवड तालुक्यातील नाडगावात १९३४ मध्ये जन्मलेल्या प्रतिभा पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, तिथे टेबल टेनिस खेळल्या, १९६२ मध्ये आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. मला यातील टेबल टेनिस महत्त्वाचे वाटते, कारण चारचौघांत खेळून हरण्याची सवय व्याख्यान ऐकून लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याचा धडा आणखी वेगळा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या भिल्ल शेतमजुरांच्या चळवळीत स्त्रिया उतरल्या आणि दारूभट्ट्यांविरुद्ध त्यांनी एकजुटीने मोर्चा उघडला. नवऱ्याच्या माराविरुद्ध एकटीने बोलणे ज्यांना शक्य नव्हते, त्या जमावाने बोलल्या. आईला असे बोलताना पाहिलेल्या मुलीला धीटपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

उलट दिशेनेही एक घटना घडली. १९९४ मध्ये जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचे आणि छायाचित्रांच्या धाकाने त्यांना गप्प ठेवण्याचे प्रकरण उघडकीस आले. साक्ष द्यायला पुढे येणे पीडितांना किती जड जाते हे तेव्हा दिसले. अशा प्रसंगी पालक मुलीचेच बाहेर जाणे थांबवतात, आणि शिक्षा तिला होते. त्यामुळे सुरक्षितता आणि तक्रारीची सोय हे शिबिराचे पहिले विषय असायला हवेत.

वर्गातील संकोचाचे आणखी एक कारण भाषेत आहे. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारी मुलगी प्रमाण मराठीत उत्तर देताना हसू होईल म्हणून गप्प बसते, आणि शिक्षक त्या गप्प राहण्याला तिचा स्वभाव समजतात. घरच्या बोलीत बोलू दिले की तीच मुलगी सविस्तर सांगते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला आणि १० ते १९ वयोगटाच्या आरोग्यात मानसिक आरोग्याचा समावेश झाला. २०१८ मध्ये राज्याच्या अस्मिता योजनेने शाळकरी मुलींना पाच रुपयांत सॅनिटरी पॅडचे पाकीट देऊ केले. तरीही दहावीनंतर गावात वर्ग नसतील, तर धडगाव किंवा चोपड्याच्या पाड्यावरील मुलीचे पुढचे शिक्षण तालुक्याला जाणारी एसटी वेळेवर येते का, आणि संध्याकाळी परत आणते का, यावर ठरते. मुलींसाठीचा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मिळतो. गाडीची फेरी मात्र आगाराच्या वेळापत्रकात असावी लागते.