रक्तगट आणि अंडाशयाचा कर्करोग

ए, बी, एबी, ओ हे रक्तगट आणि अंडाशयाचा कर्करोग यांच्यातील सांख्यिकीय संबंध. तो असलाच तर अगदी क्षीण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात, एकूण मराठी मुलखाप्रमाणेच, गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर शस्त्रक्रियेची हकिकत संपते. अंडाशय काढले की ठेवले, हे पुष्कळदा घरात कुणालाच सांगता येत नाही. या रोगाच्या दृष्टीने मात्र सगळा फरक तिथेच पडतो.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९००–०१ च्या सुमारास रक्तगट ओळखले. एबी गट १९०२ मध्ये वेगळा काढला गेला. १९१९ मध्ये हिर्शफेल्ड दांपत्याने पहिल्या महायुद्धातील सलोनिका (ग्रीस) आघाडीवरील सैनिकांची रक्ततपासणी प्रसिद्ध केली. तीत भारतीय शिपायांमध्ये बी गट ठळकपणे जास्त आढळला. आजही भारतात बी गटाचे लोक सुमारे एक तृतीयांश, तर पश्चिम युरोपात दहा टक्क्यांच्या आसपास आहेत. रक्तगट आणि कर्करोग ही जोडी चर्चेत आली ती १९५३ मध्ये, ब्रिटनमधील जठराच्या कर्करोगात ए गटाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा अधिक निघाले तेव्हा.

रक्तगट ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून तयार होणारे विकर (एन्झाइम) पेशीवरील शर्करांच्या साखळीच्या टोकाला आणखी एक शर्करा जोडते. ए गटात ती एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामीन असते, बी गटात गॅलॅक्टोज. ओ गटात विकर निकामी असल्याने टोक मोकळे राहते. या शर्करा रक्तपेशींपुरत्या नसतात. अनेक इंद्रियांच्या अस्तरावर आणि श्लेष्मातही त्या असतात. दाहाशी निगडित काही प्रथिनांची रक्तातील पातळीही याच जनुकाशी बांधलेली आढळते. त्यामुळे संशय घेण्यास जागा आहे.

वाद आहे तो कोणत्या गटाला धोका, यावर. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०११) बी प्रतिजन (पेशीवरील बी गटाची खूण) असलेल्या स्त्रियांत, म्हणजे बी आणि एबी गटांत, प्रमाण काहीसे जास्त दिसले. तेथे रक्तगट स्त्रियांनी स्वतः कळवलेला होता आणि रुग्णांची संख्या शेकड्यांतच होती. पुढल्याच वर्षी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून, हजारो स्त्रियांचे जनुक तपासून केलेल्या पाहणीत बी गटाचा संबंध टिकला नाही. ए गटात मात्र दहा टक्क्यांच्या आतली वाढ दिसली. रुग्णसंख्या व पद्धत पाहता हा दुसरा निष्कर्ष अधिक भरवशाचा वाटतो. दोन्ही पाहण्यांत बहुसंख्य स्त्रिया युरोपीय वंशाच्या होत्या. बी गट विपुल असलेल्या आपल्या भागात पहिल्या निष्कर्षाने धास्ती घेण्याचे कारण नाही.

‘बॉम्बे’ गटाने हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत वर्णिलेल्या या गटात मूळ एच प्रतिजनच, म्हणजे ए-बीच्या शर्करा ज्यावर जोडल्या जातात ती साखळीच, नसते. त्यामुळे जनुक ए किंवा बी असले तरी नेहमीच्या तपासणीत रक्त ओ भासते. पांढऱ्या टाइलवर रक्ताच्या एका थेंबात निळा अँटी-ए, दुसऱ्यात पिवळा अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी तपासणीची द्रावणे) टाकून काडीने ढवळले, तर कुठेच रवाळ गुठळ्या धरत नाहीत. कन्नड कागदावर ‘रक्तद गुंपु’पुढे ‘ओ’ लिहिले जाते, आणि खरा गट बहुधा ओ रक्ताशी जुळवणी करताना उघड होतो.

या सगळ्यापेक्षा वजनदार गोष्ट म्हणजे घराण्याचा इतिहास. बीआरसीए-१ या जनुकातील बिघाडाने अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. एरवी तो एक-दीड टक्का असतो. हा बिघाड बापाकडूनही येतो. म्हणून फक्त आई-मावशीची नव्हे, आत्या आणि आजी (वडिलांची आई) यांचीही चौकशी करावी लागते. सीमाभागात ती सोपी नाही: माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे, सासर खानापुरात, एका बाजूचे कागद मराठीत आणि दुसऱ्या बाजूचे कन्नडमध्ये. आत्या कशाने गेली याचे उत्तर बहुधा ‘पोटात गाठ होती’ एवढेच मिळते. तेवढेही डॉक्टरांना सांगावे.

पोट फुगणे, चार घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही लक्षणे आठवड्यांमागून आठवडे टिकली तर सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात. शस्त्रक्रिया ठरली की रक्ताची पिशवी जुळवून ठेवावी लागते, आणि रक्तगट निर्णायक ठरतो तो तेव्हा. बॉम्बे गटाच्या रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.