आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून गुन्हा दाखल होतो का?

‘पोलीस केस होईल’ या धास्तीने अनेक घरांत रुग्णाला दवाखान्यात नेण्यास उशीर होतो, आणि नेलेच तर डॉक्टरांना ‘चुकून झाले’ एवढेच सांगितले जाते. त्यामुळे शरीरावर उपचार होतात, मनाचे दुखणे मात्र तसेच घरी परतते. ही धास्ती निराधार नव्हती, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार अशा प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. परंतु 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 ने, विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले, शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते शिक्षेचे कलमच नाही. केवळ लोकसेवकावर, म्हणजे सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यावर, दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठरतो. रुग्णालय पोलिसांना कळवते, जबाबही घेतला जातो (इथेच नातेवाईक गडबडतात), पण ती नोंद म्हणजे आरोप नव्हे. तेव्हा डॉक्टरांना खरे काय ते सांगावे, रुग्णाला एकटे सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते, आणि हा फोन नातेवाइकांनीही करावा.