‘शोगुन’मागचा इतिहास : सन १६००चा जपान आणि त्याचे दुभाषे

‘शोगुन’ या २०२४ साली आलेल्या दहा भागांच्या मालिकेत रणांगण फारसे दिसत नाही. तिच्यातले निर्णायक प्रसंग बंद दालनात घडतात. एक माणूस बोलतो, दुसरा ते तिसऱ्याला त्याच्या भाषेत सांगतो, आणि मधल्या माणसाने काय सांगितले व काय गाळले यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. मालिकेत इंग्रजी म्हणून ऐकू येणारी भाषा कथेत पोर्तुगीज आहे, हे एकदा ध्यानात घेतले की या प्रसंगांचे वजन कळते. मालिका जेम्स क्लॅव्हेल यांच्या १९७५च्या कादंबरीवर आधारलेली आहे आणि कादंबरीने खऱ्या व्यक्तींची नावे बदलली आहेत. परंतु दुभाष्याला दिलेले महत्त्व ही मात्र कादंबरीकाराची कल्पना नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या राज्यकर्त्यांना बाहेरचे जग कळत होते ते मुख्यतः अशाच मूठभर माणसांच्या तोंडून, आणि या माणसांमागे बहुधा एखादा धर्मसंघ किंवा व्यापारी हितसंबंध उभा असे.

आधी राजकारण पाहू. मालिकेत ज्याच्या मृत्यूने पेच सुरू होतो तो ‘ताइको’ (निवृत्त राज्यकारभाऱ्याची पदवी) म्हणजे इतिहासातील तोयोतोमी हिदेयोशी. सामान्य घरात जन्मून तो ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या चाकरीत वर चढला आणि नोबुनागाच्या मृत्यूनंतर त्याने जवळजवळ सारा जपान एका हुकमतीखाली आणला. शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणारा सेनाधिपती, हे पद त्याला कधीच मिळाले नाही. सप्टेंबर १५९८मध्ये तो वारला, तेव्हा त्याचा मुलगा हिदेयोरी जेमतेम पाच वर्षांचा होता. मुलगा कर्ता होईपर्यंत राज्य सांभाळण्यासाठी त्याने पाच बड्या सरदारांचे मंडळ नेमले होते आणि त्यांच्याकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या. या पाचांत सर्वांत बलाढ्य होता तोकुगावा इयेयासू, म्हणजेच मालिकेतील तोरानागा. त्याचा प्रतिस्पर्धी इशिदो हा मालिकेत त्याच्याच बरोबरीने मंडळात बसतो. प्रत्यक्षातील इशिदा मित्सुनारी मात्र त्या मंडळाचा सदस्य नव्हता. तो दैनंदिन कारभार पाहणाऱ्या पाच अधिकाऱ्यांपैकी एक होता. हा फरक महत्त्वाचा आहे. हिशेब आणि प्रशासन सांभाळणारा हा माणूस अनेक लढवय्या सरदारांना डोळ्यांसमोर नको होता, आणि इयेयासूने त्या रागाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १५९९मध्ये मंडळातील माएदा तोशिइए वारला आणि इयेयासूला धाक वाटावा असा कुणी उरला नाही.

या अस्थिर क्षणी, एप्रिल १६००मध्ये, क्यूशू बेटावरील बुंगो प्रांताच्या किनाऱ्याला ‘लीफ्ड’ नावाचे डच जहाज लागले. १५९८मध्ये रॉटरडॅमहून निघालेल्या पाच जहाजांपैकी जपानला पोहोचलेले हे एकटेच. त्यावरची सुमारे चोवीस माणसे जिवंत होती आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांनाच उभे राहता येत होते. जहाजाचा मार्गदर्शक विल्यम ॲडम्स हा केंट परगण्यातल्या गिलिंगहॅमचा इंग्रज. मालिकेतील ब्लॅकथॉर्न त्याच्यावरूनच बेतला आहे. त्याला ओसाकाच्या किल्ल्यात इयेयासूपुढे उभे करण्यात आले. या भेटीचे वर्णन ॲडम्सने पुढे आपल्या पत्रात केले आहे. सुरुवातीला हातवाऱ्यांवर काम चालले, मग पोर्तुगीज जाणणारा एक जण आला आणि बोलणे सुरू झाले. तुमचा देश कोणता, इतक्या दूर का आलात, तुमच्या देशाची कुणाशी युद्धे चालू आहेत का, असे प्रश्न इयेयासूने विचारले. आमची युद्धे स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांच्याशी आहेत, इतरांशी शांतता आहे, असे ॲडम्सने सांगितले. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून आपण कसे आलो हे त्याने जगाच्या नकाशावर दाखवले, तेव्हा इयेयासूला ते खोटे वाटले. बोलणे मध्यरात्रीपर्यंत चालले.

त्या एका रात्रीत इयेयासूच्या हाती काय लागले असेल याचा विचार करण्यासारखा आहे. युरोपातील ख्रिस्ती राज्ये एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत आणि पोर्तुगिजांखेरीज दुसरे लोकही समुद्र ओलांडून येऊ शकतात, ही बातमी पोर्तुगिजांच्या आश्रयाने आलेले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे पाद्री त्याला आपणहून देणे शक्य नव्हते. उलट, हे लोक चाचे आहेत, त्यांना ठार करा, असाच पाद्र्यांचा आग्रह होता. या लोकांनी माझे किंवा माझ्या देशाचे काहीही वाईट केलेले नाही, मग त्यांना मारणे न्यायाला धरून नाही, असे उत्तर इयेयासूने दिल्याचे ॲडम्स लिहितो.

पोर्तुगिजांच्या या मक्तेदारीचे एक टोक नागासाकीला होते, तर दुसरे गोव्यात. गोव्याहून निघालेले मोठे जहाज मलाक्का, मकाव करीत नागासाकीला जाई आणि चिनी रेशमाच्या बदल्यात जपानी चांदी घेऊन परते. चीनने जपानशी थेट व्यापार बंद ठेवल्यामुळे या दलालीत अफाट नफा होता, आणि हेच मालिकेतले ‘काळे जहाज’. धर्मप्रसाराचा मार्गही हाच होता. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक परागंदा माणूस मलाक्कात फ्रान्सिस झेवियरला भेटला, त्याला गोव्यात आणून १५४८मध्ये बाप्तिस्मा देण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी त्याला दुभाषी म्हणून घेऊन झेवियर कागोशिमाला उतरला. हे लोक भारताच्या बाजूने आलेले, म्हणून बुद्धाच्या भूमीतून एखादा नवा बौद्ध पंथ आला आहे, असा बऱ्याच श्रोत्यांचा पहिल्यांदा समज झाला होता.

या दुभाष्यांमध्ये वसईचाही एक माणूस आहे, आणि मराठी वाचकांमध्ये वसईबाहेर त्याची ओळख असावी तितकी नाही याची खंत वाटते. गोन्सालो गार्सिया याचा जन्म पोर्तुगीज अमलाखालच्या वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर तो तरुणपणीच जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित शिकला, पुढे काही काळ व्यापारात रमला आणि मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला. १५९३मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे शिष्टमंडळ हिदेयोशीकडे आले, तेव्हा शिष्टमंडळाच्या वतीने जपानीत बोलणारा माणूस हा वसईकर होता. १५९६मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले. आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागाहून सैन्य, अशा आशयाचे काहीतरी त्यावरचा एक अधिकारी बोलून गेला, असे सांगितले जाते. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी या प्रकरणाचे खापर एकमेकांवर फोडले, पण परिणाम व्हायचा तो झालाच. हिदेयोशीच्या हुकमाने गोन्सालोसह सव्वीस जणांना क्योतो-ओसाकात पकडण्यात आले किंवा वाटेत त्यांच्यात सामील करण्यात आले, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर मारण्यात आले. १८६२मध्ये गोन्सालो संतपदाला पोहोचला. वसईतील महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे. ‘लीफ्ड’ किनाऱ्याला लागले त्याच्या अवघी तीन वर्षे आधीची ही घटना आहे, म्हणून मालिकेतील सरदारांच्या मनातला पाद्र्यांविषयीचा संशय नीट समजण्यासाठी ती माहीत असणे आवश्यक आहे.

मालिकेत ब्लॅकथॉर्नची दुभाषी असलेल्या मारिकोची व्यक्तिरेखा होसोकावा ग्रासिया हिच्यावर उभी आहे. तिचे मूळ नाव तामा. १५८२मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेची ती मुलगी आणि होसोकावा तादाओकीची पत्नी. बापाच्या कृत्यामुळे तिला डोंगरातल्या एका वस्तीत अज्ञातवासात ठेवण्यात आले, आणि नंतर ओसाकाच्या वाड्यातही तिच्यावर कडक पहारा असे. १५८७मध्ये, नवरा मोहिमेवर असताना, ती एकदा गुपचूप चर्चमध्ये गेली. पुन्हा जाणे शक्य नव्हते, तेव्हा तिने आपल्या दासींना तिकडे पाठवले, आणि अखेर मारिया हे ख्रिस्ती नाव घेतलेल्या दासीनेच तिला वाड्यात बाप्तिस्मा दिला. तिची आणि ॲडम्सची भेट झाल्याचा कोणताही पुरावा नाही, त्यामुळे मालिकेतला त्यांचा संबंध सर्वस्वी काल्पनिक मानावा. तिचा शेवट मात्र इतिहासातलाच आहे. १६००च्या उन्हाळ्यात इयेयासू पूर्वेकडे मोहिमेवर गेला असता इशिदाने त्याच्या बाजूच्या सरदारांची बायकामुले ओसाकात ओलीस ठेवायला सुरुवात केली. ग्रासियाने जायला नकार दिला. आत्महत्या तिच्या धर्माला मान्य नव्हती, म्हणून होसोकावांचा सेवक ओगासावारा शोसाई याने तिला मारले आणि वाड्याला आग लावली. या मृत्यूने उडालेल्या खळबळीमुळे इशिदाला ओलिसांचा बेत आवरता घ्यावा लागला, असे मानले जाते.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. २१ ऑक्टोबर १६०० रोजी सेकिगाहाराच्या लढाईत इशिदाच्या बाजूच्या कोबायाकावा हिदेआकीने ऐनवेळी बाजू बदलली आणि इयेयासू जिंकला. इशिदाचा क्योतोत शिरच्छेद झाला. १६०३मध्ये इयेयासू शोगुन झाला, आणि १६१५मध्ये ओसाकाचा किल्ला पडून हिदेयोरीचाही शेवट झाला.

दुभाष्यांच्या कहाणीला मात्र आणखी एक वळण आहे. मालिकेतील फादर अल्व्हितो याच्याशी जवळचे साम्य असलेला जेझुइट जुआंव रोद्रिगिश हा किशोरवयातच जपानला आलेला, जपानी भाषेचे मोठे व्याकरण लिहिणारा विद्वान होता. तो आधी हिदेयोशीचा आणि मग इयेयासूचा दुभाषी होता, व्यापाराच्या कामातही इयेयासूचा त्याच्यावर विश्वास होता. १६१०मध्ये नागासाकीत पोर्तुगीज जहाजाशी झालेल्या झटापटीनंतर त्याला मकावला जावे लागले, आणि परकीयांशी बोलण्याचे काम बरेचसे ॲडम्सकडे आले. तोवर ॲडम्सने इयेयासूसाठी युरोपीय धर्तीची दोन जहाजे बांधली होती, मिउरा द्वीपकल्पावरील हेमी येथे त्याला जहागीर मिळाली होती आणि तो मिउरा आंजिन या नावाने ओळखला जात होता. मायदेशी त्याची बायको आणि मुलगी होती. तो परत कधीच गेला नाही आणि १६२०मध्ये हिरादोत वारला.

१६१४मध्ये धर्मप्रसारकांना देशाबाहेर काढण्यात आले आणि १६३९मध्ये पोर्तुगीज जहाजांना कायमची बंदी झाली. डच व्यापाऱ्यांना १६४१पासून नागासाकीतील देजिमा या कृत्रिम बेटावर बंदिस्त करण्यात आले, आणि यानंतर त्यांच्याशी बोलणारे दुभाषी शोगुनशाहीच्याच नोकरीतले जपानी होते. हे काम नागासाकीतील ठरावीक घराण्यांकडे वंशपरंपरेने राहिले. ते आधी पोर्तुगीज आणि मग डच शिकत गेले, आणि परदेशी जहाज बंदरात आले की त्याने आणलेल्या जगातील घडामोडींचे टिपण तयार करून शोगुनच्या एदो या राजधानीला (आजचे टोकियो) पाठवत राहिले.