गर्दी मावेल का या नव्या जगात?

फेब्रुवारी २०२४ मध्ये डिस्नेने 'एपिक गेम्स'मध्ये दीड अब्ज डॉलर गुंतवत असल्याचं जाहीर केलं. एपिक म्हणजे 'फोर्टनाइट' बनवणारी कंपनी. या खेळाला जोडलेलं एक नवं आभासी जग दोघी मिळून उभं करणार आहेत. मार्व्हल, पिक्सार, स्टार वॉर्समधली पात्रं, खेळ, बघायचे कार्यक्रम, खरेदी असं सगळं त्यात असेल. २००६ पासून मुलांच्या जगात ठाण मांडून बसलेल्या रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या व्यासपीठाला शह देण्याइतकी ताकद या जोडीत नक्कीच आहे. पण नावाजलेली पात्रं आणि चकचकीत चित्रं हा त्यातला सोपा भाग. खरी गोम गर्दीत आहे.

एप्रिल २०२० मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरचा कार्यक्रम फोर्टनाइटमध्ये झाला. पहिल्याच प्रयोगाला एक कोटी वीस लाखांहून जास्त लोक हजर होते. मात्र कुणालाही आजूबाजूला शंभराहून जास्त माणसं दिसली नाहीत. एकाच मैदानाच्या असंख्य प्रती काढल्या होत्या आणि प्रत्येक प्रतीत मूठभर प्रेक्षक. विक्रमी गर्दी, पण चेंगराचेंगरी नाही!

असं का करावं लागतं? मैदानात १०० जण असतील तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या ९९ जणांना कळवायला हवी. म्हणजे एका फेरीला ९,९०० निरोप. सेकंदाला अशा ३० फेऱ्या धरल्या, तर जवळपास तीन लाख. आता माणसं दसपट करा. १,००० जणांसाठी हा आकडा सेकंदाला तीन कोटींच्या घरात जातो. माणसं दहापट वाढली की काम शंभरपट वाढतं. दूरच्यांचे निरोप कमी वेळा पाठवणं वगैरे युक्त्या आहेत, पण सगळेच एका व्यासपीठासमोर जमले की त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

जुन्या जगांनी आपापल्या वाटा काढल्या. २००३ पासून चालू असलेल्या 'सेकंड लाइफ'ने जमिनीचेच तुकडे पाडले. २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा एकेक चौकोन वेगळा चालवला जातो. गाडी एका चौकोनातून दुसऱ्यात शिरताना हमखास अडखळते, आणि एका चौकोनात शे-दीडशे माणसं झाली तरी श्वास कोंडतो. आइसलँडमध्ये तयार झालेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळयुद्धाच्या खेळाची युक्ती मला जास्त आवडते: तिथे गर्दी झाली की चक्क वेळच मंद करतात. जानेवारी २०१४ मधल्या एका महायुद्धात एका वेळी अडीच हजारांहून जास्त खेळाडू होते. घड्याळ दहा टक्के वेगाने चालत होतं, म्हणजे मिनिटाची कृती दहा मिनिटांत. लढाई एकवीस तास रंगली. अंतराळयानांच्या तोफांना हे चालतं, नाचगाण्याला नाही.

एपिकचे संस्थापक टिम स्वीनी यांचा रोख तिसऱ्याच वाटेवर आहे: एकच मैदान अनेक सर्व्हरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संगणकांवर, वाटायचं. आज फोर्टनाइटचा प्रत्येक सामना एकाच सर्व्हरवर चालतो. तो अनेक सर्व्हरवर वाटला, तर एकच तलवार दोन सर्व्हरवरच्या दोघांनी एकाच क्षणी उचलली असं होऊ शकतं. मग ती कुणाची? २०२३ मध्ये आलेली 'व्हर्स' ही एपिकची प्रोग्रॅमिंग भाषा अशा पेचांचा विचार करून घडवलेली आहे. 'हॅस्केल' ही प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सायमन पेटन जोन्स, तिच्या घडणीत आहेत. हिशोब आधी पेन्सिलीने मांडायचा आणि जमला तरच शाईने गिरवायचा, तसं व्हर्स करते. कृतीचा एखादा टप्पा फसला की तिने मधे केलेले बदल पुसले जातात. हेच तत्त्व अनेक सर्व्हरवर लावायचं झालं, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची कृती मागे घेऊन नव्याने करून बघायची. कल्पना सुरेख आहे. लाखोंच्या धांदलीत इतकी खोडाखोड वेळेत आटोपेल का, हा प्रश्न मात्र राहतो.

सर्व्हर शेजारी-शेजारी असतील तर निदान प्रयत्न करता येईल. माणसं तर जगभर विखुरलेली. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन १३५ मिलिसेकंद गेलेच, आणि खऱ्या तारा इतक्या सरळ नसतात. खेळात पुढची चाल ताडून हा उशीर बराचसा लपवता येतो. एकत्र गाताना नाही. तिथे तीसेक मिलिसेकंदांपलीकडे ताल सुटायला लागतो. लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कॉलवर गणपतीची आरती म्हणून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.