आतड्याची वर्दी

मधुमेहाच्या तपासणीसाठी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलेल्या माणसाच्या हातात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेल्या पाण्याचा पेला दिला जातो. ते अतिगोड पाणी नाक मुरडत पाचेक मिनिटांत संपवायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायला पुन्हा हात पुढे करायचा, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. हेच ग्लुकोज न पिता सलाइनमधून शिरेत सोडले आणि रक्तातील साखरेची पातळी दोन्ही वेळा तंतोतंत सारखी राखली, तरी प्यायलेल्या ग्लुकोजमुळे स्वादुपिंडातून कितीतरी अधिक इन्सुलिन स्रवते. निरोगी माणसात ग्लुकोज प्यायल्यानंतर जे इन्सुलिन बाहेर पडते, त्यातला ५० ते ७० टक्के वाटा या फरकाचा असतो. स्वादुपिंड केवळ रक्तातली साखर मोजत बसत नाही; अन्न येऊन पोहोचल्याची वर्दी त्याला आतड्याकडून मिळत असते.

अशी वर्दी रक्तातून जाऊ शकते, हे लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०२ मध्येच दाखवले होते. कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे सगळे मज्जातंतू त्यांनी तोडले, त्या भागात आम्ल सोडले, आणि तरीही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. त्या दूताला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी ‘हॉर्मोन’, म्हणजे संप्रेरक, हा शब्द वापरात आणला. संप्रेरकशास्त्राचा जन्म असा आतड्यात झाला. पुढे १९२१ मध्ये इन्सुलिन हाती आल्यावर मात्र सगळ्यांचे लक्ष स्वादुपिंडाकडे वळले आणि आतडे मागे पडले, याचे नवल वाटते. रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची पद्धत १९६० मध्ये आली, तेव्हा कुठे पेला आणि सलाइन यांतला हा फरक १९६४ मध्ये आकड्यांत मांडता आला.

वर्दी देणारी प्रमुख संप्रेरके दोन. आतड्याच्या वरच्या भागातून येणारे जीआयपी आणि मुख्यतः खालच्या भागातून येणारे जीएलपी-१. यांपैकी जीएलपी-१ इन्सुलिन कसे वाढवते, हे समजून घेतले की त्यावर आधारलेल्या औषधांचे मर्म कळते. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज शिरले की ते जळून ऊर्जा तयार होते. त्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, रिकाम्या होतात. जीएलपी-१चा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, हे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेले प्रथिन आहे. संप्रेरकाचे एक टोक त्याच्या बाहेरच्या भागाने धरले आणि दुसरे टोक आतल्या खोबणीत बसले, की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो. हा रेणू इन्सुलिनचा लोंढा सुरू करत नाही, सुरू झालेला लोंढा मोठा करतो. रक्तातली साखर उतरली की त्याचा प्रभावही ओसरतो. ग्लिमेपिराइडसारख्या जुन्या गोळ्या साखर कितीही असली तरी पोटॅशियमची दारे मिटवतात, म्हणून जेवण चुकले की ‘शुगर लो’ होऊन घाम फुटण्याचा धोका असतो. केवळ जीएलपी-१वर आधारलेल्या औषधाने तो धोका फार कमी असतो.

१९९३ मध्ये प्रकार २ मधुमेहाच्या रुग्णांच्या शिरेत जीएलपी-१ सतत सोडले, तेव्हा काही तासांत त्यांची उपाशीपोटीची साखर जवळजवळ सामान्य झाली. अडचण एकच होती. डीपीपी-४ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, या संप्रेरकाच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते आणि त्यामुळे रक्तातील त्याचे अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटांचे राहते. कोणता रुग्ण आयुष्यभर सलाइन लावून बसेल?

यावर तोडगा दोन दिशांनी निघाला. एक सरळ होता: विकरालाच अडवायचे. सिटाग्लिप्टिन ही या गटातील पहिली गोळी २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. दुसरा तोडगा अनपेक्षित ठिकाणी सापडला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जॉन एंग हे संशोधक हीला मॉन्स्टर या वाळवंटी विषारी सरड्याचे विष तपासत होते. त्यात त्यांना एक्सेंडिन-४ हे ३९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, मिळाले. ते जीएलपी-१शी निम्म्याच्या आसपास जुळते, त्याच ग्राहीवर बसते, पण विकर जिथे कात्री चालवते तिथे याच्यात ॲलनीनऐवजी ग्लायसीन असल्याने कात्री चालत नाही. त्यापासून तयार झालेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आले. तेही दिवसातून दोनदा टोचावे लागे. सेमाग्लुटाइड या नंतरच्या औषधात त्याच जागी कृत्रिम अमिनो आम्ल घातले आहे आणि रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडली आहे. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, मूत्रपिंडातून रेणू लवकर निसटत नाही, आणि दोन मिनिटांचे अर्धायुष्य सुमारे आठवड्याचे होते. रक्तात औषध इतका काळ आणि इतक्या प्रमाणात राहते, की मेंदूतील भुकेशी निगडित ग्राहीही चाळवले जातात व वजन उतरते. मळमळ आणि उलट्या हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे, म्हणूनच डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात.

जीआयपीचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. मधुमेहात त्याला स्वादुपिंड फारसे दाद देत नाही, म्हणून औषधाच्या दृष्टीने ते बराच काळ बाद समजले जात होते. तरी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले आणि मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले टिर्झेपटाइड हे औषध दोन्ही ग्राहींना चेतवते, त्यातही जीआयपीच्या ग्राहीला अधिक जोमाने, आणि साखर व वजन दोन्ही चांगले उतरवते. याउलट जीआयपीचा ग्राही अडवून जीएलपी-१चा चेतवणारे एक प्रायोगिक औषधही चाचण्यांत वजन कमी करताना दिसले आहे. एकच दार उघडले काय अन् बंद केले काय, परिणाम तोच, हे विचित्रच. सतत चेतवला गेलेला ग्राही पेशीच्या आत ओढला जाऊन थंडावतो आणि चेतवणे हे अखेर अडवण्यासारखेच ठरते, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. इतरांच्या मते ही दोन औषधे मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशींवर काम करत असावीत.