कोलारेशची पांढरी वाइन

कोलारेशची पांढरी वाइन : पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या वायव्येला, सिंत्राच्या डोंगरापलीकडे अटलांटिकच्या काठाने पसरलेल्या कोलारेश या प्रदेशाच्या वाळूत पिकणाऱ्या ‘माल्वाझिया द कोलारेश’ या द्राक्षाची वाइन. माल्वाझिया हे नाव युरोपात अनेक द्राक्षांना चिकटले आहे. ही जात मात्र वेगळी, इथलीच. युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक, काबो दा रोका, याच भागात येते. प्रदेशाची हद्द १९०८ मध्ये कायद्याने ठरली. तेथील सहकारी वाइनघर १९३१ चे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने युरोपातील बागा उठवल्या. उपाय एकच सापडला : कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, युरोपीय वेलीचा डोळा भरायचा. (नाशिक-सांगलीकडे डॉग्रिज जातीच्या वेलीचा खुंट वापरतात तो मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी, युरोपात कारण ही कीड.) कोलारेशला खुंटाची गरज पडली नाही. सैल वाळूत किडीला वाट काढता येत नाही, म्हणून इथली वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. उभी म्हणजे खरे तर आडवी : वाऱ्यापुढे मांडव टिकत नाही, तेव्हा वेली जमिनीवरच सरपटतात. वाऱ्याला अडवायला सुकलेल्या बोरूचे कूड घालतात आणि उन्हाळ्यात घड तापल्या वाळूवर भाजू नयेत म्हणून फांद्यांखाली छोट्या काठ्यांचे टेकू देतात.

लागवडीची रीत जिवावरची होती. मुळे रुजतात ती वाळूखालच्या चिकणमातीत. तिथवर पोहोचण्यासाठी खोल चर खणावा लागे. कडा ढासळून माणूस गाडला गेलाच तर श्वास घ्यायला पोकळी राहावी, म्हणून खणणारे डोक्यावर टोपली पालथी घालत. वेल वाढेल तसा चर हळूहळू बुजवत. खुंट नसल्याने जुन्या वेलीची फांदी वाळूत दाबून तिथेच नवी वेलही धरता येते. मग या वेलीचे वय नेमके कुठून मोजायचे, हा प्रश्नच आहे.

जुन्या वेलीची वाइन म्हटली की जड, गोडसर काहीतरी डोळ्यांसमोर येते. ही तशी नाही. समुद्रावरचे धुके आणि गार वारा यांमुळे द्राक्ष सावकाश पिकते, त्यात साखर बेताची राहते. अल्कोहोल बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास आणि आम्लता खणखणीत. रंग फिका पिवळा. वासाला लिंबाची साल. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना खारटपणा जाणवतो, त्याचे श्रेय खाऱ्या वाऱ्याला देण्याची रीत आहे, पण आम्लतेचाही त्यात हात असावा. काही वर्षे ठेवली की मेण, मध, सुक्या मेव्याची छटा येते, तरी ताजेपणा हटत नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन माशांसोबत ती शोभते. याच वाळूतल्या रामिस्को या काळ्या द्राक्षाची लाल वाइन मात्र तरुणपणी इतकी तुरट, की वर्षानुवर्षे थांबावे लागते. दोन्हींची बाटली बहुधा अर्ध्या लिटरची.

किडीला न जुमानलेली ही बाग घरांपुढे हरली. लिस्बनकरांना समुद्रकाठी बंगले हवे होते, आणि वाळूच्या जागेला द्राक्षापेक्षा घराचा भाव जास्त. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या क्षेत्रावर असलेली लागवड काही डझन हेक्टरांवर आली. उरलेल्या बागांपैकी काही फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आहेत. हिचेच एक कार्यालय पणजीत आहे.